रिकाम्या सभागृहातली आमदार

आमच्या सान बेर्नाबेत एर्मिनिया तेपालेला कुणी ‘आमदारबाई’ म्हटलं तर तो टोमणा समजावा. परवा बाजारात एकीनं असंच विचारलं, आमदारबाई, टोमॅटोचा भाव आज तुम्हीच ठरवणार का? मी तिथल्या तिथे तिला झापलं. मला झापायला वेळ लागत नाही हे गावाला माहीत आहे, त्यामुळे माझ्यासमोर सहसा कुणी बोलत नाही, माझी पाठ फिरली की बोलतात. बोलू देत. पण झालं काय ते एकदा मला सांगायचंच आहे, कारण गावातले शहाणे ते अगदी सोयीनं विसरून गेलेत.

एर्मिनिया मक्याची गिरणी चालवते. गिरणी बापाची, बापाच्या मागे हिच्याकडे आली. नवरा तेरेसो उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला गेला. सुरुवातीला दर रविवारी त्याचा फोन यायचा, मग सणावारी, मग तोही बंद झाला. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही आणि दुसऱ्यानं काढलेला तिला खपत नाही. पहाटे बायका चुन्यात भिजवलेला मका बादल्यांतून आणतात, रांग लागते, ही पट्टा चढवते आणि त्या गडगडाटात दिवसभर ओरडून बोलते. त्यामुळे तिचा आवाज असा घोगरा झालाय की फोनवर लोक तिला पुरुष समजून ‘सेन्योर’ म्हणतात. माझ्या थोरल्या मुलीची ती देवआई, बाप्तिस्म्याला तिनंच तिला हातात धरलं होतं, म्हणून मी तिला कोमाद्रे म्हणते आणि ती मला. माझं नाव ओतिलिया.

आमच्याकडे गावाचं काम फुकट करावं लागतं आणि ते टाळता येत नाही. ग्रामसभा नाव पुकारते आणि माणूस निमूट उभा राहतो. एर्मिनियानं सणाचं स्वयंपाकघर सांभाळलं, आणि नंतर झऱ्याची समिती. झरा गावाच्या वरच्या अंगाला, कातळाखाली आहे. तिथली टाकी आमच्या आजोबा-पणजोबांनी बांधली, आणि आजही घरटी एक माणूस श्रमदानाला जाऊन ती घासून काढतो. टाकीपाशी जो दिसला तो हजर, नाही दिसला त्याला दंड. एर्मिनिया समितीवर असताना फिलोगोनियोच्या पुतण्यानं आपल्या शेतात चोरून नळी ओढली होती. हिनं विळ्यानं ती नळी कापली, तुकडे पोत्यात भरले आणि फिलोगोनियोच्या दारात नेऊन ठेवले. फिलोगोनियो तेव्हाही गावचा कारभारी होता, आजही आहे. नळीचं त्यानं हसण्यावारी नेलं. मनात ठेवलं की नाही, ते त्याचं त्याला माहीत.

अशा बाईकडे एक दिवस सेन्योर बार्रागान आला. खडीच्या खाणी त्याच्या, ट्रक त्याचे, आणि आमच्या भागात पक्ष म्हणजे तोच. त्याला आपली सून मारिसेला राज्याच्या विधानसभेत बसवायची होती. अडचण एवढीच, की नव्या कायद्यानं आमचा मतदारसंघ आमच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवला होता. उमेदवार बाई हवी, आमच्यातलीच हवी, तिनं गावाची कामं केलेली हवीत, आणि तसं ग्रामसभेनं सांगायला हवं. मारिसेलाला आमच्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही. ती सणाला येते तेव्हा चपलांना चिखल लागेल म्हणून गाडीतच बसून राहते.

पण आमच्याकडे आमदार एकटा निवडत नाहीत, जोडीनं निवडतात. एक खरा, आणि त्याच्यामागे एक बदली. खरा मेला, आजारी पडला, रजेवर गेला, की बदली उठून त्याच्या खुर्चीत बसतो. ऐकायला किती छान वाटतं. आणि बदलीची कुळी तपासायची कायद्याला आठवणच राहिली नव्हती. मग काय, एर्मिनियाला खरी करायची आणि मारिसेलाला बदली, असा साधा हिशेब.

बार्रागान गिरणीत पोत्यावर बसला, तिच्या तव्यावरचा मक्याचा एक भरलेला त्लाकोयो मागून घेऊन खाल्ला, आणि नावाआधी मानाचं ‘दोन्या’ लावून म्हणाला, “दोन्या एर्मिनिया, आम्हाला फलकावर फक्त तुमचा चेहरा हवाय. शपथ घ्या, फोटो काढा, महिनाभरानं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून सांगा. पुढचं ओझं मारिसेला उचलेल. तुम्हाला तरी कुठे त्या राजधानीत करमणार आहे?”

ती मका ओतत होती, तशीच ओतत राहिली आणि म्हणाली, “बघू.”

त्याला ते ‘हो’ वाटलं. आयुष्यभर लोक त्याला हो म्हणत आलेत, त्यामुळे बघू म्हणजे बघू असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो गेल्यावर मी तिला धारेवर धरलं, की तू त्याच क्षणी नाही का म्हणाली नाहीस. ती म्हणाली, नाही म्हटलं असतं तर तो शेजारच्या गावात गेला असता, आणि तिथली कुणीतरी खरंच हो म्हणाली असती. 

निवडून आली. येणारच होती. भिंतीभिंतीवर तिचा चेहरा, आणि या भागातल्या प्रत्येक बाईनं कधी ना कधी तिच्याकडून मका दळून नेलेला. शपथविधीला आम्ही ट्रकमधून गेलो. तिनं भरतकामाचं पोलकं घातलं होतं, हात पुढे करून त्या घोगऱ्या आवाजात शपथ घेतली, आणि मी तिथे ढसाढसा रडले. महिना उलटला तसा बार्रागानचा वकील गिरणीत हजर झाला, सोबत डॉक्टर. लाज बघा किती, डॉक्टरच घेऊन आले होते. तिनं मुकाट्यानं दंड पुढे केला, पट्टा बांधू दिला, पारा बघू दिला, आणि मग म्हणाली, “माझं ठीक आहे. घरी जाऊन सेन्योरांचं बघा.” रांगेतल्या बायका एवढ्या हसल्या की वकिलाला बोलताच येईना. त्याच बायका. हे लक्षात ठेवा.

ती खुर्चीत बसून राहिली त्याला कारण होतं. अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे पाण्याचा कायदा आला होता. राज्यातले सगळे झरे राजधानीच्या पाणी मंडळाच्या ताब्यात द्यायचे, असा तो कायदा. गावांना पाणी मिळणार, मोजून आणि पैसे घेऊन. नळ टाकायचं कंत्राट कुणाला जाणार ते मी सांगायला नको, त्याचे ट्रक आमच्याच रस्त्यावरून जातात. एर्मिनियाची खुर्ची शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. ती उभी राहिली आणि तिनं विचारलं, “झरा साफ कोण करणार?” सभापती म्हणाले, बाईसाहेब, हा तांत्रिक मुद्दा आहे, समितीत मांडा. पुढच्या रांगेतला एक जण हसला आणि कुणीतरी तिचा माईक बंद केला. पण गिरणीत बोलणाऱ्या बाईला माईक काय करायचाय. ती तशीच बोलली, आणि छतापर्यंत ऐकू गेलं. आमचा झरा वर्षातून किती वेळा घासावा लागतो, शेवाळ कुठे धरतं, पोर आजारी पडलं तर पहिलं काय बघायचं. मंडळातला एक माणूस दाखवा ज्यानं टाकीत पाय घातलाय, असं तिनं विचारलं. दुसऱ्या गावांकडून आलेले दोघे-तिघे आमदार खाली बघायला लागले. मतदान पुढच्या बैठकीवर ढकललं गेलं, आणि मग त्याच्या पुढच्या. दोन्ही बाजूंची मतं काठावर आली होती. आता बार्रागानला सुनेची हौस पुरवायची नव्हती, त्याला ती खुर्चीच हवी होती.

आमच्या विधानसभेचा एक नियम आहे. सांगितल्याशिवाय लागोपाठ तीन बैठका चुकल्या की आमदार गेला आणि बदलीला बोलावणं गेलं. नियम आळशांसाठी केलेला आहे म्हणतात. मी पाहिलं तो कशासाठी आहे ते. पहिल्या वेळी बैठक दुपारची होती ती सकाळची केली आणि तिच्या फोनवर संदेश पाठवला. आमच्या गावात फोन लागतो तो फक्त दफनभूमीच्या टेकडीवर, हे बार्रागानला पक्कं ठाऊक आहे, कारण मतं मागायला आला तेव्हा तो स्वतः तिथे चढून धापा टाकत फोन करत होता. ही पोचली तोवर सगळे उठून गेले होते. दुसऱ्या वेळी ही बैठकीच्या खूप आधी पोचली, तर दारावर नवा पहारेकरी. तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो नीट दिसत नाही म्हणाला. वरिष्ठांना विचारतो म्हणाला आणि नाहीसा झाला. आत सोडलं तेव्हा हजेरी नुकतीच संपली होती. ती खुर्चीत बसलेली आणि तरी गैरहजर. तिनं अर्ज केला, तो अजून कुठेतरी विचाराधीन आहे.

म्हणजे तिसरी बैठक चुकवायची नव्हती, एवढंच. बास, एवढंच करायचं होतं. एक बाई जाऊन खुर्चीत बसते, नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणते, एवढंसं काम.

पण गावाला ते एवढंसं ठेवायचं नव्हतं. फिलोगोनियोनं चर्चची घंटा वाजवून ग्रामसभा बोलावली. भाषण चांगलं करतो तो, ते मी नाकारत नाही. म्हणाला, आपली आमदार हे आपलं नाक आहे, आणि ते कापायला निघालेत, आपण त्या दिवशी विधानसभेचं दारच धरू. अधिवेशनच भरू देणार नाही. आता हे समजून घ्या की आमच्या गावाला दार धरता येतं. रस्त्यासाठी आम्ही दार धरलं, शाळेच्या बाईंसाठी धरलं, दवाखान्यासाठी धरलं. कचेरी कुठलीही असो, आम्ही पातेली घेऊन जातो, दारात बसतो, कुणाला आत जाऊ देत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी साहेब बोलायला बाहेर येतोच. दर वेळी काहीतरी मिळालंय. त्यामुळे गावाला दुसरं काही सुचतच नाही. दात दुखला तरी दवाखान्याचं दार धरतील.

एर्मिनिया उठून म्हणाली, “मला फक्त आत जाऊन बसायचंय. तुम्ही दार धरलंत तर बाकीचे आत येणार नाहीत. मग माझी हजेरी घेणार कोण?”

फिलोगोनियो हसला. “तुला आत सोडू. तुझ्याशिवाय एकालाही नाही. बैठकच झाली नाही तर गैरहजेरी कसली लावतील?”

टाळ्या पडल्या. मी उठून सांगितलं की तिचं ऐका, त्या इमारतीत रोज ती जाते, तुम्ही नाही. मला म्हणाले, ओतिलिया, तू जेवणाचं बघ. मी जेवणाचं बघितलं. एर्मिनियानं पुन्हा एकदा सांगून पाहिलं, पण ग्रामसभेनं हात वर केले होते, आणि ग्रामसभेनं ठरवलेलं मोडायचं नाही हे तिच्या हाडात आहे. तिला राजधानीतल्या सगळ्या सभा मोडता आल्या असत्या, आपल्या गावची नाही.

त्या दिवशी आम्ही ट्रक भरून गेलो. बाया, म्हातारे, बँडवाले, कणसाच्या पानात वाफवलेल्या तामालेंची पातेली, लांबलचक कापडी फलक. आणि पहारेकऱ्यांनी काय करावं? बाजूला झाले. एकानं तर आमच्या बाकाला हात लावून मदत केली. सगळे किती चांगले लोक आहेत, असं आमच्यातले म्हणत होते. कचेरीतला एक माणूस अदबीनं आला, दारावर एक सूचना चिकटवायची आहे, परवानगी आहे का म्हणून त्यानं विचारलं. फिलोगोनियोला कुणी परवानगी मागितली की तो विरघळतो. त्यानं चिकटवू दिली, वर त्या माणसाला मक्याचं गरम अतोले पाजलं, आणि मग त्याच दारावर आमचा फलक ताणून बांधला. सूचना फलकाखाली गेली. कुणी वाचली नाही. दारावर कागद तर रोजच लागतात.

एर्मिनियाला आत सोडलं, जेवण घेऊन मलाही सोडलं, आणि मागे साखळी लावली.

ते सभागृह मी रिकामं पहिल्यांदाच पाहिलं. पॉलिशचा वास, रांगाच्या रांगा खुर्च्या, वर सभापतींची उंच खुर्ची, आणि सगळीकडे शांत. ती खांबामागे आपल्या जागेवर जाऊन बसली, पाठ ताठ, हात टेबलावर. मी म्हटलं, अगं टेक जरा, कुणी बघत नाहीये. ती म्हणाली, “बैठकीची वेळ झालीय, कोमाद्रे.” मी म्हटलं, कसली बैठक, इथे तू आणि मी. तर म्हणते कशी, “मग कोरम नाही एवढंच.” आम्ही हसलो. मी तिला तामाले सोलून दिला, तो तिनं टेबलावर सांडू नये म्हणून रुमालावर ठेवून खाल्ला. बाहेरून बँड ऐकू येत होता.

मग माझ्या थोरलीचा फोन आला. ती राजधानीत धुणंभांडी करते. आई, फोनवर बघ, म्हणाली, विधानसभा चालू आहे. मी म्हटलं, वेडी का तू, मी विधानसभेतच बसलेय. ती म्हणाली, आई, बघ.

महामार्गावर एक हॉल आहे, पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या मेजवान्या तिथे होतात. आदल्या दिवशीची कुणाची तरी मेजवानी असणार. खुर्च्यांना गुलाबी साटिनच्या फिती, मागे फुग्यांची कमान, आणि त्या कमानीखाली सभापती. हॉलवाल्यांनी ते आवरलंही नव्हतं. इमारत जमावानं ताब्यात घेतल्यामुळे बैठक पर्यायी जागी भरत आहे, असं एक जण वाचून दाखवत होता. आमच्या राज्यात तसा नियम आहे. दाराला सूचना लावली की झालं, मग कुठेही बसा. दार आम्ही धरलं नसतं तर त्यांना त्या हॉलचं भाडं भरायला कारणच मिळालं नसतं.

एर्मिनियानं फोन माझ्या हातातून घेऊन टेबलावर उभा केला. हजेरी चालू होती. एकेक नाव, एकेक ‘हजर’. मग सचिवानं पुकारलं, “तेपाले, एर्मिनिया.”

ती उभी राहिली. खरंच उभी राहिली, खुर्ची मागे सरकवून, आणि त्या रिकाम्या सभागृहात तिनं म्हटलं, “हजर.”

फोनमधल्या माणसानं समोर बघितलं आणि म्हणाला, “गैरहजर.”

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजतागायत उतरलेली नाही. आम्ही दाराकडे धावलो. आतून बडवलं. बाहेर बँड. फिलोगोनियोनं साखळीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली ज्याच्याकडे दिली होती तो कोपऱ्यावर लघवीला गेला होता. तो आला, दार उघडलं, तर फाटकासमोर आमचेच ट्रक आडवे लावलेले, एकामागे एक, कुणी आत शिरू नये म्हणून. ते काढताना ड्रायव्हरांची आपसात भांडणं. एर्मिनिया शेवटी रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवून उभी राहिली. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा दोन पोरं खुर्च्यांच्या फिती सोडत होती आणि एक बाई फुगे फोडत होती.

तोवर सगळं झालं होतं. तिसरी गैरहजेरी जाहीर झाली, बदलीला बोलावलं, आणि मारिसेला तिथेच पहिल्या रांगेत निळ्या सुटात तयार बसलेली होती. तिनं शपथ घेतली, आणि सभापतींनी लगेच पाण्याचा कायदा मताला टाकला. तिनं हात वर केला. मंजूर. आमच्या मतदारसंघाचं मत, आमच्याच झऱ्याच्या विरोधात, फुग्यांच्या कमानीखाली. ते काठावरचे आमदार घरी गेले, आणि त्यांना काय वाटलं असेल ते असो, मी त्यांना कधी माफ करणार नाही.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. हरणं आम्हाला नवीन नाही. पण संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, सान बेर्नाबेच्या आमदारांनी कायद्याच्या बाजूनं मत दिलं. नाव नाही, फक्त आमदार. गावात कुजबुज सुरू झाली. दिवसभर आत काय करत होती एकटी? तिला आधीच माहीत असणार. गिरणीची मोटर नवी घेतलीय म्हणे. मोटर तीच जुनी, तिच्यावरची काजळी मी रोज बघते, पण हे कुणाला सांगायचं. मी होते ना आत. मी सांगितलं, हजारदा सांगितलं. ओतिलिया तिची कोमाद्रे, ती तिच्याच बाजूनं बोलणार, म्हणाले. ज्यांनी दार धरलं त्यांना आपण मूर्ख ठरलो हे मान्य करायचं नव्हतं. त्यापेक्षा ती विकली गेली हे मानणं त्यांना सोपं पडलं. माझ्या रागाचं खरं कारण हे आहे. बार्रागान चोर आहे हे मला आधीपासून माहीत होतं. माझी माणसं अशी निघतील हे नव्हतं.

पुन्हा ग्रामसभा. फिलोगोनियो पुढे बसला, आणि मोठ्या दुःखी आवाजात म्हणाला की गावानं दिलेलं काम जो पार पाडत नाही त्याला जाब द्यावा लागतो, त्यात नातं बघता येत नाही. जाब दे म्हणून एर्मिनियाला उभं केलं.

ती म्हणाली, “मी आत होते. तुम्ही दारात होतात. ते तिसरीकडेच होते. यात माझं चुकलं कुठे ते मला दाखवा.”

कुणी दाखवलं नाही.  मग फिलोगोनियोनं ठराव मांडला, की तिनं महिनाभर दर रविवारी एकटीनं झऱ्याची टाकी घासावी. मी ओरडले, मला गप्प केलं. हात वर झाले. मी मागे वळून बघितलं, एकेक हात बघितला. साखळी धरणारे हात, बँड वाजवणारे हात, वकिलाला हसणाऱ्या बायकांचे हात.

एर्मिनियानं नुसतं विचारलं, “टाकी घासणं ही शिक्षा कधीपासून झाली?” आणि बसली. मान्य केलं. तिचा हा गुण आहे आणि मला तो अजिबात आवडत नाही.

रविवारी ती खराटा, चुना आणि बादली घेऊन वर गेली. मी बरोबर होतेच. झऱ्याभोवती तारेचं कुंपण होतं, नवं कोरं, त्याला मंडळाची पाटी, आणि फाटकावर मंडळाची टोपी घातलेला रखवालदार. शेजारच्याच गावचा, त्याची आई आमच्या गिरणीत यायची. त्याचा चेहरा उतरला. दोन्या, म्हणाला, परवानगीशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय, मला घर चालवायचंय. तिनं त्याच्याशी हुज्जत घातली नाही. ती तारेला लागून खाली बसली आणि टाकीकडे बघत राहिली. कडेला हिरवं शेवाळ धरायला लागलं होतं, इतक्या लांबून मलासुद्धा दिसत होतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ती उठली. वाटेत ती रडली. नवरा गेला तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी पहाटे गिरणीत रांग होती. टोमणे मारायचे पण मका इथेच दळायचा, कारण दुसरी गिरणी खाली दरीपलीकडे आहे. फिलोगोनियो आला. धुतलेला सदरा, नवी टोपी, हातात श्रमदानाची वही. सगळ्यांसमोर उभा राहिला आणि घसा खाकरला. म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा आहे, टाकीपाशी जो दिसला तो हजर, काल टाकीपाशी तू कुणाला दिसली नाहीस, तेव्हा, एर्मिनिया, मला वाईट वाटतंय, पण मी गैरहजर लावलंय, आणि दंड पडेल.

एर्मिनियानं मोटर बंद केली.  मका उपसून झाल्यावर त्याचं चुन्याचं पाणी उरतं, पिवळं, चिकट, आंबूस वासाचं. ते बादलीत भरून बाजूला ठेवलेलं असतं. तिनं ती बादली दोन्ही हातांनी उचलली आणि फिलोगोनियोच्या नव्या टोपीपासून बुटांपर्यंत ओतली, अगदी सावकाश, तळ दिसेपर्यंत. मग बादली खाली ठेवली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हे मात्र मीच केलं. सगळ्यांनी बघितलंय. लाव हजेरी.”

 रांगेतली एकही बाई हसली नाही. तो वही छातीशी धरून गेला, आणि रस्ताभर त्याच्या मागे ओले ठसे उमटत गेले. एर्मिनियानं मोटर चालू केली आणि पुढच्या बाईची बादली हातात घेतली. पाणी ओतल्याबद्दल किती दंड होतो ते अजून त्यानं कळवलेलं नाही. कळवेल तेव्हा तो मी भरणार आहे, आणि भरायला नटूनथटून जाणार आहे.